पुरुमेंताच्या यादीत वायपर ब्लेडही लिहा: घरच्या घरी बदलायचे कसे

मे महिन्यात आपल्याकडे गोव्यात घराघरात पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायची गडबड असते, मिरच्या, सोलं, खडे मीठ, सुकी सुंगटं, कांद्यांच्या माळा, शिवाय कौलं चाळून घ्यायची, छत्र्या दुरुस्तीला द्यायच्या, आणि या सगळ्यात दारात उभ्या असलेल्या गाडीच्या वायपरकडे कोणाचंच लक्ष जात नाही. आठ महिने त्याचं कामच पडलेलं नसतं ना. मग मिरगाचा पहिला पाऊस येतो, आपण दांडी खाली करतो आणि काचेवर नुसता चिखल फिरतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्यावर ही वेळ आली. जूनचा दुसरा आठवडा होता, बेळगावहून चोर्ला घाटाने परत येत होतो, आई मागे बसलेली, संध्याकाळचे सात वाजले असतील. घाटात धुकं उतरलेलं, वरून पाऊस, आणि माझ्या बाजूचा वायपर नेमका डोळ्यांसमोरचाच चार बोटांचा पट्टा पुसायचा सोडून देत होता. समोरून ट्रक आला की त्याच्या हेडलाइटचा उजेड त्या ओल्या पट्ट्यात पसरायचा आणि रस्त्याची कड दिसायचीच बंद व्हायची. आई म्हणाली, "बाबू, थांबव गाडी, घाई नाहीये आपल्याला." थोडी रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, अर्धा-पाऊण तास पाऊस कमी व्हायची वाट बघत बसलो, मग हळूहळू केरीला उतरलो. त्या रात्री ठरवलं की हे काम आता स्वतः शिकायचं आणि दर वर्षी मे महिन्यातच उरकायचं. तेव्हापासून माझ्या, सासऱ्यांच्या आणि शेजारच्या दोन गाड्यांचे ब्लेड मीच बदलतो, म्हणून जिथे जिथे अडायला होतं ते सगळं इथे लिहून ठेवतोय.

पहिल्यांदा करणार असाल तर पाऊण तास धरा, दुसऱ्या वर्षी दहा मिनिटांत होतं. कागदपत्रं वगैरे काही लागत नाहीत, गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल असेल तर जवळ ठेवा.

लागणाऱ्या वस्तू

मोजायची टेप (शिवणकामाची चालते), एक जाड टॉवेल किंवा जुनी गोधडी, दोन मायक्रोफायबर किंवा जुन्या सुती साडीचे मऊ फडके, बादलीभर पाणी, काच पुसायचं लिक्विड, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल (मेडिकलमध्ये मिळतं), एक बारीक सुई आणि फोटो काढायला मोबाईल. स्क्रूड्रायव्हर बहुतेक लागतच नाही, लागला तरी क्लिपचं झाकण उचलायला चपट्या तोंडाचा छोटा पुरतो. पक्कड मात्र जवळही ठेवू नका, हातात असली की वापरावीशी वाटते आणि क्लिप तुटते.

१. आधी बघा, दोष ब्लेडचाच आहे का

हा भाग मी लांबवणार आहे कारण माझ्या बघण्यात तरी निम्मे लोक इथेच चुकतात, नवीन ब्लेड आणतात, लावतात, आणि काच तशीच धुरकट राहिली की ब्लेडला शिव्या देतात.

काचेवर पाणी मारा, वायपर चालू करा आणि आत बसून नीट बघा काय होतंय.

बारीक बारीक रेघा उरत असतील तर रबराच्या धारेला कुठेतरी खाच पडलीय किंवा वाळूचा कण अडकलाय. ब्लेड उचला, ओल्या फडक्याने धार एका दिशेने पुसून घ्या, परत चालवा. रेघ गेली तर घाण होती, त्याच जागी राहिली तर रबर फाटलंय. फडक्याला थोडं काळं लागलं तर घाबरू नका, बऱ्याच ब्लेडच्या धारेवर ग्राफाइट असतं.

रुंद पट्टाच्या पट्टा सुटत असेल, मध्ये किंवा टोकाला, तर ब्लेड काचेला सगळीकडे सारखा टेकत नाहीये, त्याचा बाक गेलाय किंवा फ्रेम वाकलीय. माझं घाटात झालेलं ते हेच. असा ब्लेड पुसून सुधारत नाही, बदलायलाच हवा.

थडथड उड्या मारत जात असेल तर तीन कारणं असू शकतात. एक, रबर एका बाजूला लवलेल्या अवस्थेतच कडक झालंय. दोन, काचेवर मेण किंवा पॉलिशचा थर बसलाय. तीन, वायपरचा लोखंडी दांडा म्हणजे आर्म थोडा पिळलाय, त्यामुळे रबर काचेवर सरळ उभं न राहता तिरकं टेकतंय.

आणि पुसल्यानंतर पातळ धुरकट पडदा राहत असेल, खास करून रात्री समोरच्या दिव्यांत, तर पहिला संशय काचेवर घ्या. पुढे चालणाऱ्या गाड्यांच्या धुरातलं तेल, मासळीबाजाराजवळचा खारा दमट वारा, आंबा-फणसाचा चीक, असं सगळं काचेवर चढत असतं. पाणी शिंपडल्यावर ते एकसारखं न पसरता कुठे थेंब, कुठे सपाट असं तुटक दिसलं तर थर आहे असं समजा.

शेवटची परीक्षा बोटाने करायची. ब्लेड उचलून रबराची धार नखाने दोन्ही बाजूंना हळूच लववा. ती मऊपणे इकडून तिकडे पलटली पाहिजे. एका बाजूला लवते आणि दुसऱ्या बाजूला अडते, किंवा कडेला बारीक भेगा दिसतात, किंवा धार चमकदार आणि प्लास्टिकसारखी लागते, तर त्या रबराचं आयुष्य संपलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या म्हणजे बदलायची वेळ मे महिनाच का म्हणतोय ते पटेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो म्हणून वायपर पावसात झिजतात असं वाटतं, पण रबराचा खरा घात ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत होतो. गाडी उन्हात, ब्लेड एकाच जागी काचेवर दाबून बसलेला, काच तापलेली, ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करत जातात. त्यात डिचोली, सांगे, धारबांदोड्याकडे लाल मातीची धूळ आणि किनाऱ्याला मीठ. म्हणजे "मागच्या पावसात चांगले चालत होते" यावर विसंबू नका, मागच्या सप्टेंबरात चांगला असलेला ब्लेड यंदाच्या जूनमध्ये निकामी असू शकतो.

२. माप घ्या, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं

रबराची लांबी टेपने मोजा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरकडचा ब्लेड लांब आणि शेजारच्या सीटकडचा आखूड असतो, काहींत फरक एक-दोन इंचांचा, काहींत खूपच. दुकानात माप इंचांत बोलतात, डब्यावर मिलिमीटरमध्येही असतं, म्हणून हे लिहून ठेवा: १४ इंच म्हणजे ३५०, १६ म्हणजे ४००, १८ म्हणजे ४५०, २० म्हणजे ५००, २१ म्हणजे ५३०, २२ म्हणजे ५५०, २४ म्हणजे ६००, २६ म्हणजे ६५० मिलिमीटर.

सापळा असा की सध्या गाडीवर जो ब्लेड आहे तोच मुळात चुकीच्या मापाचा असू शकतो. गाडी जुनी घेतली असेल तर हे नक्की तपासा. मॅन्युअलमध्ये माप दिलेलं असतं, नाहीतर ब्लेड बनवणाऱ्या कंपन्यांच्या यादीत मॉडेल आणि वर्ष टाकून बघता येतं. वर्ष महत्त्वाचं, एकाच नावाच्या गाडीचं नवीन रूप आलं की काच बदलते आणि माप बदलतं.

"एक इंच इकडे तिकडे चालतो हो" असं एका दुकानात मला सांगितलं आणि २१ च्या जागी २२ लावून दिला. पहिल्याच जोराच्या पावसात, फास्ट स्पीडवर, दोन्ही ब्लेड एकमेकांच्या टोकांना घासायला लागले. आखूड एक वेळ चालवून घेता येतो, लांब कधीच लावू नका.

३. हुक कसला आहे ते ओळखा

माप बरोबर आणलं आणि ब्लेड आर्मवर बसलाच नाही, असं झालं तर कारण हे. आर्मचं टोक ब्लेडला कसं पकडतं याचे प्रकार आहेत.

आपल्याकडच्या बहुतेक घरगुती गाड्यांत आर्मचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं असतं. याला दुकानदार हुक किंवा यू हुक म्हणतात. हा असेल तर काळजीच नाही, बाजारातले जवळजवळ सगळे ब्लेड बसतात.

टोक वळलेलं नसून सरळ पट्टी असेल, तिच्यावर चौकोनी बटण किंवा दोन्ही बाजूंना चिमटीत दाबायचे कान असतील, किंवा बाजूने पिन आत जात असेल, तर तो वेगळा प्रकार. मग ओळखत बसू नका, तिथला जवळून स्वच्छ फोटो काढा, एक वरून, एक बाजूने, आणि दुकानात तो दाखवा. चांगल्या ब्लेडच्या डब्यात दोन-तीन प्रकारचे प्लास्टिकचे अडॅप्टर येतात, पण सगळ्यांत सगळे येत नाहीत.

४. खरेदी

तीन प्रकार मिळतात. लोखंडी फ्रेमचा जुना प्रकार, फ्रेमलेस म्हणजे आत पोलादी पट्टी असलेला सपाट ब्लेड, आणि हायब्रिड म्हणजे फ्रेमवर प्लास्टिकचं कवच. बॉश, व्हॅलिओ, डेन्सो, हेला अशा नावांचे सगळीकडे असतात.

माझं मत विचाराल तर समुद्राजवळ राहत असाल, मिरामार, कळंगुट, बाणावली या पट्ट्यात, तर फ्रेमलेस घ्या, कारण फ्रेमच्या सांध्यांमध्ये मिठाने गंज धरला की सांधे हलायचे थांबतात आणि ब्लेड काचेचा बाक सोडतो. वाळपई, साखळी, फोंडा बाजूला फ्रेमचा चांगल्या कंपनीचा ब्लेडही वर्षभर छान चालतो आणि स्वस्त पडतो. मी गेल्या वर्षी फ्रेमलेस जोडी साधारण आठशेला घेतली, त्याआधी फ्रेमची साडेतीनशेला.

नुसतं रबर म्हणजे रिफिल पण मिळतं, फ्रेम सरळ असेल तर ते घालता येतं. त्यात दोन पोलादी पट्ट्या असतात, त्यांचा बाक एकाच दिशेला आणि खाचा आत रबराकडे यायला हव्यात, पहिल्या खेपेला हे जमवताना वेळ जातो. पहिल्यांदा करताय तर पूर्ण ब्लेडच घ्या.

घेताना डबा उघडून रबर बोटाने लववून बघा. वर्षानुवर्षं दुकानाच्या काचेत उन्हात लटकलेला डबा नको. सिग्नलवर किंवा बाजाराबाहेर सुटे विकतात ते घेऊ नका, एकदा म्हापशाला शुक्रवारच्या गर्दीत घेतले होते, जुलै संपायच्या आत रबर फ्रेममधून बाहेर आलं. आणि जोडीच घ्या. एकच झिजलाय असं दिसलं तरी दुसऱ्यानेही तेवढंच ऊन खाल्लेलं असतं.

५. जुना ब्लेड काढणे (इथे घाई नको)

गाडी सावलीत, सपाट जागी, हँडब्रेक लावून, चावी काढून. पावसाचा सेन्सर असलेली गाडी असेल तर वायपर ऑटोवर ठेवू नका, काच पुसताना हात मध्ये असतानाच आर्म फिरतो.

काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली लपलेले असतात, ते तसेच उचलायला गेलात तर आर्म बॉनेटला आपटतो आणि रंग उडतो. अशा गाड्यांना सर्व्हिस पोझिशन असते, बऱ्याचदा इंजिन बंद केल्या केल्या वायपरची दांडी एकदा हलवली की आर्म काचेच्या मधोमध येऊन थांबतात. नेमकी रीत मॅन्युअलमध्ये बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काचेवर, आर्मच्या बरोबर खाली, जाड टॉवेल चार पदरी घडी घालून पसरा. आर्ममध्ये जोरकस स्प्रिंग असते. ब्लेड असतो तोवर खाली पडला तरी रबर आपटतं, पण ब्लेड काढल्यावर उरतो तो उघडा लोखंडी हुक, आणि तो हातातून सुटला तर सरळ काचेवर. माझ्या मावसभावाने हे काम भर दुपारी केलं, ब्लेड काढला, आर्म तसाच उभा ठेवून डबा उघडायला वळला, वाऱ्याने की धक्क्याने आर्म खाली आला आणि काचेला तारा पडला. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते म्हणून ती फुटून अंगावर आली नाही, पण तडा दोन दिवसांत हातभर पसरला आणि काच बदलावी लागली. इन्शुरन्स क्लेम केला तर त्याचा नो क्लेम बोनस गेला. चारशे रुपयांच्या कामात हजारो गेले, तेव्हा टॉवेल विसरू नका, मुलांना जवळ खेळू देऊ नका, आणि ब्लेड नसलेला आर्म उभा सोडून कुठेही जाऊ नका, फोन वाजला तरी आधी तो टॉवेलवर हळू टेकवा.

दोन्ही ब्लेड एकदम काढू नका. एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी. म्हणजे कसं बसलं होतं ते बघायला दुसरी बाजू समोर राहते. तरीही काढण्याआधी फोटो काढाच.

हुकवाल्या आर्मसाठी कृती अशी:

आर्म काचेपासून उचलून उभा करा. ब्लेड आर्मला आडवा होईल असा फिरवा. ब्लेडच्या मध्यावर, हुक जिथे शिरलाय तिथे, प्लास्टिकची छोटी जीभ दिसेल. काही ब्लेडवर तिच्यावर झाकण असतं, ते नखाने उघडा. जीभ दाबून धरा आणि ब्लेड आर्मच्या बुंध्याकडे, म्हणजे बॉनेटच्या दिशेने, सरकवा. इथेच लोक अडतात कारण सगळ्यांचा हात ब्लेड वर, स्वतःकडे ओढायला जातो. हुकची वळलेली बाजू क्लिपला वरून धरून असते, म्हणून ब्लेड खालच्या दिशेलाच सुटतो. सुटल्यावर हुक ब्लेडच्या फटीतून तिरका करून बाहेर काढा.

वर्षभर न काढलेल्या ब्लेडच्या क्लिपमध्ये लाल माती आणि मीठ बसलेलं असतं. जीभ दबत नसेल तर जोर लावू नका, थोडं कोमट पाणी घाला, जुन्या टूथब्रशने घासा, दोन मिनिटं थांबा. मग सुटते.

बटणवाल्या प्रकारात बटण दाबून ब्लेड आर्मपासून पुढे, टोकाच्या दिशेने सरकतो. चिमटीवाल्यात दोन्ही कान दाबून पुढे ओढायचा. पिनवाल्यात ब्लेड फिरवून बाजूने.

६. काच धुवा, ब्लेड लावायच्या आधी

आर्म टॉवेलवर टेकवलेला आहे, ब्लेड निघालाय, आता काच मोकळी मिळते, हीच वेळ. नव्या ब्लेडचं पहिलंच पुसणं जर चिकट, वाळू असलेल्या काचेवर झालं तर त्याच दिवशी धार जाते.

आधी भरपूर पाणी ओतून माती वाहून जाऊ दे. कोरड्या काचेवर फडका फिरवू नका, आपली जांभ्याची लाल धूळ बारीक वाळूच आहे, चरे पडतात. मग साबणाच्या पाण्याने एकदा, साध्या पाण्याने एकदा. त्यानंतर काचेचं लिक्विड, आणि शेवटी स्वच्छ फडक्यावर थोडं अल्कोहोल घेऊन अख्खी काच, खास करून ब्लेड जिथे थांबतो ती खालची पट्टी. तिथे सगळ्यात जास्त मळ असतो.

फणसाचा किंवा आंब्याचा चीक असेल तर तो नुसत्या साबणाने जात नाही. फणस चिरताना आपण हाताला खोबरेल लावतो तेच इथे करायचं, डागावर दोन थेंब खोबरेल, पाच मिनिटं, मग पुसायचं. पण त्यानंतर तेलाचा अंश साबणाने आणि अल्कोहोलने दोनदा काढायचा, नाहीतर आधी चीक होता आता तेलकट पडदा होईल. भांडी घासायची तारेची घासणी, राख, घासायची पावडर यांपैकी काहीही काचेला लावू नका. अल्कोहोल रंगावर सांडू देऊ नका आणि उन्हात तापलेल्या काचेवर काहीच करू नका, लिक्विड पुसायच्या आत वाळतं आणि डाग राहतात.

काच स्वच्छ झाली हे कसं कळतं? पाणी ओता. ते सलग चादरीसारखं उतरलं तर झाली. (काचेवर पाणी झटकणारं कोटिंग मारलेलं असेल तर थेंबच होणार, मग ही परीक्षा लागू नाही.)

७. नवा ब्लेड लावणे

काढताना केलं त्याच्या उलट. हुक ब्लेडच्या फटीतून घाला, क्लिप हुकच्या वळणात बसवा आणि ब्लेड आर्मच्या टोकाकडे, म्हणजे वर, ओढा. टक् असा स्पष्ट आवाज येतो. आवाज आला नाही तर बसला नाही. झाकण असेल तर ते बंद करा. मग ब्लेड हाताने खाली-वर ओढून बघा, निसटता कामा नये. अर्धवट बसलेला ब्लेड भर पावसात हायवेवर उडून जातो आणि मागे उघडा हुक काचेवर फिरत राहतो, म्हणून ही ओढून बघायची पायरी सोडू नका.

फ्रेमलेस ब्लेडला पाठीवर जी प्लास्टिकची पंखासारखी कड असते तिला सुलटी-उलटी बाजू असते, आधी काढलेला फोटो बघून दिशा जुळवा.

आणि एक साधी गोष्ट जी मी तीन वेगवेगळ्या गाड्यांवर बघितलीय: नव्या ब्लेडच्या रबरावर प्लास्टिकची पारदर्शक किंवा रंगीत पट्टी चढवलेली असते, रबर जपायला. ती काढायची असते. ती तशीच ठेवून गाडी चालवली तर काही पुसलं जात नाही आणि लोक ब्लेड खराब निघाला म्हणून परत द्यायला जातात.

आर्म हळू, दोन्ही हातांनी धरून, काचेवर टेकवा. टॉवेल काढा. लांब ब्लेड ड्रायव्हरकडे आहे ना हे बघा, आणि दुसरी बाजू करा.

८. तपासणी

काच ओली करा, कोरडी काच कधीच पुसायची नाही, आणि आधी हळू, मग फास्ट स्पीडवर दहा-बारा फेऱ्या. बघायचं ते असं: ब्लेड काचेच्या कडेच्या खांबाला आपटतो का, दोघं एकमेकांना लागतात का, बंद केल्यावर दोन्ही मूळ जागेवर येऊन बसतात का. पहिल्या काही फेऱ्यांत थोड्या रेघा आल्या तर येऊ देत, नव्या रबरावरची पावडर जायला वेळ लागतो.

नवा ब्लेड, स्वच्छ काच आणि तरी थडथड? मग आर्म तपासायचा. ब्लेड मध्यावर थांबवून बाजूने बघा, रबर काचेवर काटकोनात उभं आहे का. तिरकं असेल तर आर्म पिळलाय. हे घरी वाकवायला जाऊ नका, मेस्ताकडे म्हणजे मेकॅनिककडे न्या, पाच मिनिटांचं काम आहे. फास्ट गाडीत ब्लेड उचलला जात असेल तर स्प्रिंग ढिली झालीय, मग आर्म बदलायचा.

हात ओले आहेतच तर काचेवर पाणी फवारणारा वॉशरही बघून घ्या. टाकीत पाणी भरा, फवारा मारा. एका नोझलमधून येत नसेल तर सुई हलकेच घालून कचरा काढा. टाकीत भांडी घासायचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर घालू नका, फेस होतो आणि नोझल तुंबतात. कूलंटही नाही, त्याची टाकी वेगळी असते, झाकणावरचं चित्र बघून ओता.

मागचा वायपर

हॅचबॅक, एसयूव्हीला मागे एक छोटा असतो आणि चवथीच्या दिवसांत चिखलात फिरताना तो फार कामाला येतो. याचा आर्म बहुतेक प्लास्टिकचा, पुढच्यासारखा पूर्ण उभा होत नाही, जबरदस्ती केली तर मोडतो. जेवढा उचलतो तेवढाच उचला, ब्लेड फिरवत काटकोनात आणा, तिथे तो टक् करून सुटतो. याचं माप आणि क्लिप गाडीगणिक वेगळी असते म्हणून जुना ब्लेड हातात घेऊनच दुकानात जा.

नंतर काय सांभाळायचं

सकाळी गाडी काढताना काचेवर लाल धूळ, पानं, मोहोर असेल तर आधी तांब्याभर पाणी, मग वायपर. रबराला पेट्रोल, डिझेल, रॉकेल, खोबरेल यातलं काही लावू नका, जुने ड्रायव्हर मऊ राहतं म्हणून लावतात पण रबर फुगतं आणि सैल पडतं. पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्याने धार पुसली तरी पुष्कळ. उन्हात आर्म उभे करून ठेवायची पद्धत आहे, मी ठेवत नाही, येता-जाता कोणाचा धक्का लागला तर आर्म काचेवर आपटतो, त्यापेक्षा सावली शोधा किंवा काचेवर जुनी चादर घाला.

कोणी म्हणेल एवढा बाऊ कशाला, तर वायपर नीट चालणं ही कायद्याचीही गोष्ट आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०१ वा नियम खास वायपरचाच आहे.

जुन्या जोडीतला त्यातल्या त्यात बरा ब्लेड फेकू नका, त्याची क्लिप आणि डब्यातले उरलेले अडॅप्टर एका पिशवीत घालून डिकीत स्टेपनीजवळ ठेवा. आणि तो नसेल आणि वाटेत ड्रायव्हरकडचा ब्लेड तुटलाच तर घाबरून जायचं नाही: सुरक्षित जागी थांबा, शेजारच्या सीटकडचा ब्लेड काढून तुमच्या बाजूला लावा (हुक दोन्हीकडे सारखा असेल तर बसतो, आखूड असला तरी डोळ्यांसमोरचं पुसतो), आणि मोकळ्या झालेल्या आर्मच्या हुकला जाड फडका घट्ट गुंडाळून वर रबरबँड किंवा सुतळी बांधा, म्हणजे तो काचेला चरे पाडणार नाही. मग सावकाश जवळच्या गावापर्यंत या.